कच्ची पिन

गेल्या संक्रांतीला इथल्या एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. बाहेर उणे १२, आत काठापदराच्या साड्या. जॅकेटच्या खिशातून रुमाल काढायला गेले आणि खणकन काहीतरी तिळगुळाच्या ताटात पडलं. करंगळीहून बारीक, दोनेक इंच लांबीचा, अंगावर खाचा पाडलेला लोखंडी बोल्ट.

"अगं बाई, हे यंदाचं वाण की काय?" कोणीतरी विचारलं.

वाण नव्हतं. ती शिअर पिन होती, माझ्या बर्फ उडवायच्या मशीनची. नोव्हेंबर ते एप्रिल अशा दोन पिना माझ्या खिशात असतातच. घराची किल्ली एखाद वेळेस विसरेन, पिना नाही. का, ते पुढे येईलच.

आम्ही राहतो सिरॅक्यूजला. न्यूयॉर्क म्हटलं की गावाकडच्यांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. आम्ही त्याच राज्यात, पण त्या झगमगाटापासून गाडीनं चारेक तासांवर, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेला. हे सरोवर इतकं खोल की हिवाळ्यात ते पुरतं असं गोठत नाही. कॅनडाकडून येणारा गार वारा त्या उघड्या पाण्यावरून वाहताना ऊब आणि वाफ गोळा करतो आणि किनारा ओलांडला की सगळं आमच्या अंगणात आणून ओततो. वर्षाला सरासरी १० फूट बर्फ. १९९२-९३ च्या हिवाळ्यात १९२ इंच पडला होता, म्हणजे १६ फूट. तेव्हा आम्ही इथं नव्हतो, पण जुनी मंडळी अजून त्या हिवाळ्याची गोष्ट सांगतात, आपल्याकडे ७२ च्या दुष्काळाची सांगतात तशी. या भागातल्या शहरांमध्ये 'गोल्डन स्नोबॉल' नावाची चुरस असते. ज्या शहरात सगळ्यांत जास्त बर्फ पडेल ते जिंकलं. बहुतेकदा आम्हीच जिंकतो. बक्षीस म्हणून कंबरदुखी.

नवऱ्याच्या मणक्यातली चकती सरकली त्या वर्षी फावडं माझ्या हाती आलं, आणि महिन्याभरात मी ठरवलं की हे काम माणसाचं नाही. जुनं मशीन विकत घेतलं. लाल रंगाचं, २४ इंची तोंडाचं, पेट्रोलवर चालणारं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं, "अण्णा, गॅसवर चालणारं मशीन घेतलं."

"सिलिंडर कुठं बसवायचा त्याला?"

"इथं पेट्रोललाच गॅस म्हणतात."

"मग गॅसला काय म्हणतात?"

"गॅसच."

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दाव बघू."

अण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मिल फिटर होते, ३४ वर्षं. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना मशीनचं तोंड दाखवलं. पुढे उघडी पेटी, तीत आडवा दांडा, दांड्यावर दातेरी मळसूत्री पाती, डावीकडची आणि उजवीकडची, दोन्ही बर्फाला मध्यावर ढकलणारी. मध्यावर आलेला बर्फ मागचा पंखा झेलतो आणि वरच्या वळणदार नळकांड्यातून ३०-४० फूट लांब भिरकावतो. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा स्क्रीनला लावला आणि म्हणाले, "ही तर गव्हाण की गं!"

कारखान्यात ऊस जिथं पडतो त्या जागेला गव्हाण म्हणतात. दरवर्षी गव्हाणीत मोळी टाकून हंगाम सुरू होतो. तेव्हापासून आमच्या घरात मशीनच्या तोंडाला गव्हाण आणि नळकांड्याला धुराडं हीच नावं पडली. मुलगा इथंच जन्मलेला, त्याला ओव्हरऑलचा मराठी शब्द येत नाही, पण 'आई, गव्हाण तुंबली' हे तो अस्खलित म्हणतो.

या यंत्राची वंशावळ मी एकदा शोधली होती. आगगाडीच्या रुळांवरचा बर्फ कापायला फिरत्या पात्यांचा नांगर करावा ही कल्पना १८६९ मध्ये टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट या दातांच्या डॉक्टरला सुचली. गव्हाणीतले दाते बघितल्यावर मला ते लगेच पटलं. रस्त्यावरचं मशीन १९२५ मध्ये क्यूबेकच्या आर्थर सिकार्डनं बनवलं आणि दोन वर्षांनी माँट्रियलजवळच्या उत्रमाँ गावाला विकलं. त्याला ते शेतातलं मळणीयंत्र बघून सुचलं म्हणतात. म्हणजे मूळ शेतीचंच.

आणि आणखी एक गोष्ट अण्णांच्याच लक्षात आली. साखर कारखान्याचा गळीत हंगाम दसरा-दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात आटोपतो. आमचा बर्फाचा हंगामही नेमका तेवढाच. "मग तुझा ऑफ सीझनपण आमचाच," ते म्हणाले. कारखान्यातल्या माणसांना या शब्दाचं वजन ठाऊक असतं. बाहेरच्यांना वाटतं, उन्हाळ्यात कारखाना बंद, कामगार मोकळे. मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत अण्णांचा डबा घेऊन जायचे तेव्हा मिल हाऊसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. रोलर बाहेर काढून ठेवलेले, बेअरिंगं रॉकेलच्या परातीत पडलेली, डालड्याच्या रिकाम्या डब्यांतून मापवार नट-बोल्ट, प्रत्येक डब्यावर खडूनं लिहिलेलं. अण्णांच्या हातांना मे-जूनमध्ये रॉकेलचा वास यायचा तो जेवतानाही जायचा नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं असूनही पहिल्या एप्रिलमध्ये मी काय केलं? मशीन पुसलं, वर ताडपत्री घातली आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ढकललं. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच.

नोव्हेंबरमध्ये ११ इंच पडला. चोक दिला, रबरी फुगा तीनदा दाबला, दोरी ओढली. पुन्हा ओढली. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. बजाजची स्कूटर तिरकी करून किक मारणारे शेजारचे काका आठवले, पण हे धूड तिरकं कोण करणार!

कार्ब्युरेटरच्या बुडाशी वाटीसारखा भाग असतो, एका नटावर धरलेला. तो उघडला तर आत पेट्रोल नव्हतंच. तळाशी पिवळट हिरवा थर, जुन्या व्हार्निशचा वास, आणि जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारक्या नळीच्या, भोकातून पलीकडचा उजेड दिसेना. इतकं बारीक भोक की साडीपिनही जाड पडली. शेवटी मुलाच्या गिटारची सगळ्यांत बारीक तार तुकडाभर कापून घेतली. (त्याला वाटतं ती आपोआप तुटली. हा लेख तो वाचणार नाही अशी आशा आहे.) तार आतबाहेर केली, क्लीनरचा फवारा मारला, जेट खिडकीकडे धरला. टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला तेव्हा मला जो आनंद झाला तो पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेट्रोलात काय मिसळतात तिकडं?"

"१० टक्के इथेनॉल."

"अस्सं! आपल्यासारखंच." आवाजात कारखान्याच्या डिस्टिलरीचा अभिमान.

"मक्याचं असतं इकडे."

"मक्याचं?" या एका शब्दात त्यांनी अमेरिकेची सगळी शेती मोडीत काढली.

पण मक्याचं असो की उसाचं, इथेनॉलची खोड एकच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. वापरात असलेल्या गाडीला त्याचं काही नाही, टाकी आठवड्याला रिकामी होते. सहा-सात महिने एका जागी बसलेल्या मशीनमध्ये मात्र पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी दोघं हातात हात घालून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते तळाकडूनच. उरलेलं पेट्रोल उडत उडत चिकट होतं. त्यामुळे आता माझा रिवाज ठरलेला आहे. शेवटचा बर्फ झाला की टाकी रिकामी करायची, मग इंजिन आपोआप धापा टाकून बंद पडेपर्यंत अंगणात चालू ठेवायचं, मग त्या वाटीतले उरलेले चार थेंबही काढायचे. काही जण टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल टिकवायचं औषध घालतात आणि पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचवतात. तेही बरोबर आहे. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना मूर्ख समजतात, शैव-वैष्णवांसारखे. हंगामात मी शक्य तेव्हा बिनइथेनॉलचं पेट्रोल आणते. ते मोजक्या पंपांवर मिळतं आणि महाग असतं. अण्णांना हे अजून सांगितलेलं नाही.

आता पिनेकडे येते.

मळसूत्री पाती दांड्यावर नुसती ओवलेली असतात. दांडा फिरला की पाती फिरावीत म्हणून दोन्ही आरपार एक पिन घालतात. ती शिअर पिन. गव्हाणीत दगड, लाकूड असं काही अडकलं की पाती थांबतात, पण दांड्याला इंजिनचा जोर असतो. कोणीतरी हार मानायलाच हवी. ती पिन मानते, मधल्या खाचेवर तुटते, पाती थांबतात आणि दांडा मोकळा फिरत राहतो.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, दाराशी पडलेलं जाहिरातींचं पुडकं बर्फाखाली गेलं होतं. पाण्यानं फुगून, गोठून त्याची वीट झालेली. मशीननं ते गिळायचा प्रयत्न केला. टक् असा आवाज आला, तोही फार मोठा नाही, सुपारी फुटावी तेवढा. डावीकडचं पातं थांबलं.

संध्याकाळचे सात. दुकान बंद. माझ्या बोल्टांच्या डब्यात (हो, डालड्याचा नाही, पण पत्र्याचाच) अगदी त्याच मापाचा एक बोल्ट निघाला. डोक्यावर सहा रेघा असलेला. इथल्या बोल्टांच्या डोक्यावर रेघा असतात, जितक्या जास्त तितकं पोलाद कडक. साध्या बोल्टला एकही नाही, मधल्या प्रतीला तीन, सगळ्यांत पक्क्याला सहा. मला वाटलं, चला, कंपनीनं कंजूसपणा केला होता तो मी दुरुस्त केला. आता बघू कसा तुटतो.

तो तुटला नाही. तीन आठवड्यांनी रस्त्याच्या तोंडाशी, जिथं बर्फ सगळ्यांत चिवट असतो, तिथं कुठून तरी आलेला फरशीचा तुकडा गव्हाणीत गेला. रस्ता साफ करणारा ट्रक जाता जाता आपल्या दारासमोर एक बांध घालून जातो. मीठ, चिखल, बर्फ सगळं कालवून दाबलेलं. मी त्याला बांधच म्हणते, कारण शेतातल्या बांधासारखी त्यावरूनही भांडणं होतात, कोणी कुणाच्या हद्दीत धुराडं वळवलं म्हणून. तर त्या बांधात घुसल्यावर या वेळी आवाज वेगळा आला. दाढ काढताना डोक्याच्या आत येतो तसला. बोल्ट शाबूत. पाती शाबूत. मधल्या गिअरबॉक्समधलं ब्राँझचं चक्र मात्र दात पाडून बसलं होतं. नव्या गिअरबॉक्सला मशीनच्या निम्मी किंमत पडली.

अण्णांना सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, कच्ची पिन म्हणजे हलकी न्हवं. मोजून कच्ची केलेली असती ती." मग त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. एका रात्रपाळीला कन्व्हेअरची पिन सारखी तुटते म्हणून एका नवीन पोरानं तिथं पक्की पिन ठोकली. शिफ्ट बिनबोभाट गेली, शाबासकी मिळाली. दुसऱ्या दिवशी साखळी तुटली आणि कारखाना सहा तास उभा. "त्या पोराचं काय झालं?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "काय व्हायचंय? पुढं मिल फिटर झाला."

मी हसले. बऱ्याच वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, ती गिअरबॉक्स बदलताना कळली. उजवं पातं दांड्यावरून सरकन निघालं. डावं निघेना. पिनेची भोकं मोकळी होती, पण पातं आणि दांडा यांच्या मधल्या फटीत गंज भरून दोघं एकजीव झाले होते. म्हणजे मी पक्क्या बोल्टची चूक केली नसती, चांगली कंपनीची पिन घातली असती, तरी या बाजूला तिचा उपयोग शून्य. पाती आणि दांडा गंजानंच बांधलेले असले की पिन तुटून सुटायचं काय? पुडक्यानं तुटलेली पिन ही बहुधा त्या बाजूची शेवटची कामगिरी. चार दिवस रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल, मग लाकडाचा ठोकळा धरून हातोडी, मग पुन्हा तेल. नवऱ्यानं चहा आणून देत देत विचारलं, "नवीनच घ्यायचं का?" पाचव्या दिवशी ते केसभर हललं.

म्हणून आता देखभालीच्या सगळ्या कामांत माझं पहिलं काम हे. दोन्हीकडच्या पिना काढायच्या आणि पाती हातानं फिरवून बघायची. दांडा जागचा हलता कामा नये, पाती मात्र फिरली पाहिजेत. मग निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या बारक्या तोंडाला, ग्रीसगन लावून ग्रीस भरायचं, फटीतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत, पाती फिरवून ते सगळीकडे पोचवायचं आणि मग पिना परत घालायच्या. वीस मिनिटांचं काम.

बाकीचं मी खंडेनवमीला करते. तारीख सोयीची पडते, साधारण ऑक्टोबर, बर्फाच्या आधी. कारखान्यातही बॉयलर दसऱ्याच्या सुमारास पेटतो. सकाळी इंजिन पाच मिनिटं गरम करायचं, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो बंद जागेत माणूस मारतो. मग गरम असतानाच जुनं तेल काढायचं. ते काकवीसारखं काळं, पण काकवीपेक्षा चपळ वाहतं. नवीन ५डब्ल्यू-३०, थंडीतही न आळणारं. प्लग काढून काजळी बघायची, फट पाऊण मिलिमीटर ठेवायची. एअर फिल्टर शोधू नका, माझ्या मशीनला नाहीच, पुष्कळशा मशीनना नसतो. बर्फाळ हवेत धूळ नसते आणि जाळी बसवली तर तीच बर्फानं बुजेल. पट्ट्यांना भेगा आहेत का ते बघायचं. मागचं झाकण उघडून चाकं फिरवणाऱ्या रबरी चकतीवर ग्रीसचा थेंबही उडालेला नाही ना ते बघायचं, नाहीतर मशीन जागच्या जागी नुसतं गुरगुरतं.

मला सगळ्यांत आवडतं ते पायताणांचं काम. गव्हाणीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी घसरपट्ट्या असतात, त्यांना मी पायताण म्हणते. त्यांच्यावर मशीन तोललेलं असतं. ती झिजली की गव्हाणीच्या तळाची खरवडपट्टी जमिनीला घासते आणि फरशीच्या उंचवट्याला धडकते. खरवडपट्टीखाली मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा दुहेरी करून ठेवायचा, पायताणांचे नट सैल करायचे, ती आपसूक जमिनीला टेकतात, मग नट आवळायचे. पुठ्ठा ओढून काढला की दोन्हीकडे सारखी उंची. एका बाजूनं झिजली तर उलटी करून लावता येतात, भाकरीसारखी.

शेवटी पूजा. झेंडूची कुंडी पहिल्या कडाक्याआधी आत घेतलेली असते, तिच्यातलं एक फूल धुराड्यात. लाल रंगावर कुंकू दिसत नाही, म्हणून हळदीचं बोट.

अण्णांचा एक नियम मात्र रोजचा आहे, वर्षातून एकदाचा नाही. ओला बर्फ धुराड्यात तुंबतो आणि हात आपोआप तिकडे जातो. इंजिन बंद केलं तरी आतला पंखा पट्ट्याच्या ताणानं एक हिसका देऊ शकतो. तुंबलेला बर्फ निघाला की तोच हिसका बोटांवर येतो. मशीनवर त्यासाठी एक काठी लावून दिलेली असते. अण्णा म्हणतात, खटका पाड, चावी काढ, खिशात घाल, मग काठी घाल, हात न्हाई. कारखान्यातल्या त्यांच्या एका सोबत्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. तो तंबाखू कसा मळायचा ते अण्णा अजून करून दाखवतात.

यंदा पहिला बर्फ नोव्हेंबरच्या मध्यावर आला, सहा इंच, पहाटेच. सांगलीत दुपार टळून गेली होती. मी अण्णांना फोन लावला आणि मशीन बाहेर काढलं. चोक, फुगा तीनदा, दोरी. दुसऱ्या ओढीला लागलं. चोक हळूहळू सोडला, इंजिन सरळ बोलायला लागलं. फोन सायलेन्सरपाशी नेला. स्क्रीनवर फक्त अण्णांचा कान दिसत होता, पांढरे केस असलेला, मोठा झालेला. बराच वेळ तो कान तसाच राहिला.

मग तोंड दिसलं.

"मिसिंग न्हाई," अण्णा म्हणाले.

"नाही ना?"

"न्हाई. मोळी टाकलीस का?"

"टाकते आता."

"मग टाक की. उभी का? पेट्रोल जळतंय."